भानुमतीबाईंची पक्की प्रत

दौलतराव जगदाळे या नावानं इंदुरात वीस कादंबऱ्या निघाल्या. त्या सगळ्या मी जुळवल्या. पहिल्या दोन दौलतरावांनी लिहिल्या होत्या. पुढच्या अठरा त्यांच्या पत्नीनं, भानुमतीबाईंनी लिहिल्या. विसाव्या पुस्तकाचा शेवट मात्र त्यांचा नाही. हे सांगायची एक वेळ होती. तेव्हा मी सांगितलं नाही. आता तो छापखाना नाही, ती माणसंही नाहीत. तरी लिहून ठेवतो.

मी जुळारी. शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, खणातून उचलायचं, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचं, ओळ भरली की पुढची धरायची. उभ्यानं काम. चौतीस वर्षं केलं. वडील गिरणीत होते, त्यांची इच्छा मीही भोंग्यावर जावं अशी होती. मला अक्षर आवडायचं म्हणून मी नानासाहेबांच्या छापखान्यात गेलो. नानासाहेब मालक आणि प्रकाशकही. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर आणि वर्षाला दोन-तीन कादंबऱ्या छापायचे.

मला काम मालोजींनी शिकवलं. ते आमच्यातले सर्वांत जुने जुळारी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कॉपीत जे आहे ते लावायचं. लेखक चुकला तर चुकलेलंच लावायचं, समासात खूण करायची. आपलं एक अक्षर त्यात घालायचं नाही. घालावंसं वाटलं तर घरी जा." कॉपी म्हणजे लेखकाच्या हातचा कागद. हा नियम मी पाळला. फार पाळला.

दौलतराव जुन्या होळकरशाहीतल्या शिलेदारांच्या घराण्यातले. संस्थान गेल्यावर सरकारी कचेरीत कारकून झाले. उंच, हळू बोलणारे. त्यांच्या पहिल्या दोन पुस्तकांची कॉपी त्यांच्याच हातची होती. शाईचे डाग, बाणांनी इकडचं तिकडे. मजकूर तलवारींचा. ती पुस्तकं गठ्ठ्यातून उठली नाहीत. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी ते विषमज्वरानं दोन महिने पडून होते. तरी कॉपी वेळेवर आली आणि ती वेगळ्याच अक्षरात होती. बारीक, उभं, स्वच्छ अक्षर. कागद म्हणजे रद्द झालेल्या संस्थानी फॉर्मांची कोरी पाठ.

"आता पक्की प्रत घरी होते," दौलतराव नानासाहेबांना म्हणाले. "मी कच्चं लिहितो, ही उतरवून काढते."

ते पुस्तक उठलं. त्यानंतरचं जास्त उठलं. तलवारी गेल्या. आता पुस्तकात घरं होती, ननंदा होत्या, माहेरी परत पाठवलेल्या मुली होत्या. पुस्तकं उचलणाऱ्या बहुतेक बायकाच. त्या वाचनालयात येत नसत. वाचनालयाच्या द्वारकाबाई दोन कापडी पिशव्यांत पुस्तकं भरून दुपारी रामबागेपासून घरोघर फिरायच्या. नवीन पुस्तक न्यायला आल्या की माझ्या खणांपाशी दम खायला बसायच्या.

"हरी, हा दौलतराव आहे कसा माणूस?"

"का?"

"अरे भिया, बाळंतिणीची कंबर कुठे दुखते ते बरोब्बर लिहिलंय त्यानं. माझ्या नवऱ्याला चार मुलं झाली तरी कंबर आहे हेच माहीत नव्हतं."

मी हसलो. त्या पुढे म्हणाल्या, "बायका म्हणतात, असा नवरा मिळाला तिची मजा आहे." मग पिशव्या उचलून निघाल्या.

मला हे कळायला नऊ पुस्तकं लागली. कळलं तेही गोष्टीवरून नाही, माझ्या कामावरून.

दुसऱ्याच्या कागदावरून उतरवणारा माणूस एका ठरावीक जागी चुकतो. समजा, एका ओळीत 'दार' आहे आणि तीन ओळींनी पुन्हा 'दार' आहे. पहिलं दार लावून झालं की नजर कागदावर परत जाते ती दुसऱ्या दारावर पडते. मधल्या तीन ओळी गेल्या. कितीही पक्का जुळारी असला तरी सोळा पानांच्या एका फर्म्यात असं एकदा तरी होतं. शाळेत फळ्यावरून उतरवणाऱ्या पोराचं होतं, कोर्टातल्या नक्कलनवीसाचंही होतं.

भानुमतीबाईंच्या पक्क्या प्रतीत ते कधीच झालं नव्हतं. खाडाखोड होती, पण निराळी. 'ती रागावून' असं लिहून 'रागावून' खोडलेलं आणि पुढे 'ताट सारून उठली'. वाक्य अर्धं सोडून दुसरंच धरलेलं. नक्कल करणारा अर्ध्या वाक्यात मत बदलत नाही. ते लिहिणाऱ्याचं काम आहे.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते सत्तावन्नच्या हिवाळ्यात. आदल्या वर्षी नवीन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि दौलतरावांची कचेरीही गेली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून भानुमतीबाई इथेच राहिल्या. दौलतराव महिन्यातून एका रविवारी यायचे. कादंबरीची पानं मात्र दर मंगळवारी यायची, पूर्वीसारखीच. कारकून भोपाळला आणि कादंबरी इंदुरात. नानासाहेब म्हणायचे, "कच्चं टपालानं पाठवत असतील."

त्या हिवाळ्यात मी एक फर्मा जुळवत होतो. चाळिसाव्या पानावर नायिकेची आत्या मेली होती. सत्त्याण्णवव्या पानावर ती ओसरीत बसून चहा मागत होती. मी खूण केली. नानासाहेबांनी कपाळावर हात मारला. आमच्याकडे टाइप मोजका. एक फर्मा छापून खिळे खणात परत सोडल्याशिवाय पुढचा जुळवता येत नसे. म्हणजे सगळं काम थांबलं.

"भोपाळला पत्र टाका," ते म्हणाले.

"चार दिवस जातील. मी घरी विचारून येतो."

"वहिनींना काय ठाऊक असणार?"

"विचारायला काय हरकत आहे?"

मी सायकल काढली. घर लालबागेच्या पलीकडे. भानुमतीबाई दारात आल्या. चाळिशीच्या आत-बाहेर, हाताला पीठ. मी प्रूफ पुढे केलं.

"बाईसाहेब, मेलेली आत्या चहा मागते आहे."

त्यांनी वाचलं. "मागू दे. जिवंत होती तेव्हा कुणी दिला नाही तिला."

मग स्वतःच हसल्या. हात पदराला पुसला, माझ्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि प्रूफ भिंतीला लावून उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या. आत्याच्या जागी शेजारीण आली. मी मोजून पाहिलं. जुन्या ओळी चार, नव्या चार. पान हललं नाही.

पेन्सिल परत देताना त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "त्यांचं पत्र आलं होतं. त्यातच होतं हे."

"असेल," मी म्हणालो. "पण बाईसाहेब, मी उतरवण्याचंच काम करतो. उतरवणाऱ्याची ओळ सुटते. तुमची नऊ पुस्तकांत एक सुटली नाही."

आतून सासूबाईंनी हाक मारली. "आले," म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. मी सांगेन तेव्हा सांगा, हरीभाऊ."

त्यानंतर अडचण आली की मी थेट जायचो. त्यांचं माहेर बेटम्याचं, वडील तिथे शाळामास्तर. घरात आलेला प्रत्येक छापील कागद वाचून मगच चुलीत जायचा. दौलतराव तापात होते तेव्हा नानासाहेबांचा निरोप घेऊन माणूस दोनदा येऊन गेला. पुस्तकाचं एक पानही झालं नव्हतं. नवऱ्याची अडचण नको म्हणून बाईंनी ते लिहिलं. बरे झाल्यावर दौलतरावांनी ते वाचलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला हे येत नाही. तुला येतं. पण जगदाळ्यांच्या सुनेचं नाव पिशवीतून घरोघर फिरलं तर आई जेवायची नाही."

तेव्हा त्या कबूल झाल्या.

काम कसं करायच्या ते मी पाहिलं आहे. दुपारी साडेबारा ते चार. सासूबाईंच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून, मांडीवर पाट ठेवून. मध्ये औषध, भांडं, कूस बदलणं. एका पुस्तकाला साडेतीनशे हाती पानं. विसावं सोडता सतरा पुस्तकांची सहा हजाराला पन्नास कमी. बोटाला शाईखाली घट्टा पडला होता. माझ्या अंगठ्याला आहे तसाच.

एकसष्टच्या सुरुवातीला सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या एका रविवारी दौलतराव छापखान्यात आले. नानासाहेब जेवायला गेले होते. ते माझ्या खणांपाशी उभे राहिले.

"हरी, विसाव्या पुस्तकाला माझी प्रस्तावना येईल. दोन पानं राखून ठेव."

"स्वतःच्या पुस्तकाला प्रस्तावना?"

"स्वतःच्या नाही," ते म्हणाले. थोडा वेळ खणातले खिळे बोटानं चाळत राहिले. "तुला माहीत आहे म्हणे. हिनं सांगितलं."

"हो."

"अकरा वर्षं मी लोकांचे नमस्कार घेतोय. दर नमस्काराला वाटतं, कुणाचं तरी जेवण खाल्लं. आता आई नाही. नाव तिचं येऊ दे. मी लिहून देतो सगळं."

मी दोन पानं राखली. विसाव्या पुस्तकाची कॉपी येऊ लागली. सगळ्यांत चांगलं पुस्तक ते. एक बाई तीस वर्षांनी माहेरच्या गावी परत जाते, एवढीच गोष्ट. आठ फर्मे छापून झाले, चाळीसेक पानं यायची राहिली. बासष्टच्या पावसाळ्यात दौलतराव भोपाळला कचेरीच्या जिन्यावर बसले ते उठले नाहीत. प्रस्तावना लिहिलेली नव्हती. त्यांच्या टेबलात, पेटीत, कुठेच नव्हती.

महिन्याभरानं भानुमतीबाई छापखान्यात आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बरोबर धाकटे दीर जयसिंगराव होते. ते पोलिसात होते आणि भावावर त्यांचा फार जीव होता. दुपारचे तीन वाजले असतील. मशीन बंद होतं. बाई स्टुलावर बसल्या आणि एक कागद पुढे केला. पुस्तकाचं पहिलं पान. खाली लेखिकेचं नाव, भानुमती जगदाळे.

नानासाहेबांनी कागद वाचला, परत वाचला.

"वहिनी, मैं समझता हूँ. दुःखात माणसाला असं वाटतं. आठवण म्हणून तुमचं नाव आत घालू ना. 'पक्की प्रत सौभाग्यवती' असं..." शब्द चुकला म्हणून थांबले.

"प्रत नाही. मी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "हे आणि आधीची सतरा."

जयसिंगराव भिंतीकडे बघत होते. ते वळले. "वहिनी, घरी तुम्ही म्हणालात काहीतरी सुधारायचं आहे. हे सुधारायचं होतं? दादाला जाऊन जेमतेम महिना झाला आणि त्याचं नाव खोडायला निघालात?"

"मी कुणाचं खोडत नाही, भाऊजी. ते स्वतःच देणार होते."

"कुणाला म्हणाला तो? मला? मला का नाही म्हणाला?"

नानासाहेब म्हणाले, "बरं, त्यांच्या हातचे कच्चे कागद असतील ना? ते नसतील तर..."

"कच्चे नव्हतेच. तुमच्याकडे यायचं तेच पहिलं आणि तेच शेवटचं. ते कागद काढा. खाडाखोड बघा. बघणाऱ्याला कळेल."

नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. जुळवून झालेल्या कॉपीचं आम्ही काय करायचो ते त्यांना माहीत होतं. तिचा बोळा रॉकेलमध्ये बुडवायचा आणि शाईचे खिळे पुसायचे. सहा हजारांतलं जवळजवळ प्रत्येक पान माझ्याच हातानं गेलं होतं. विसाव्या पुस्तकाचीही फक्त दोन पानं शिल्लक होती आणि त्यांच्यावर एक अक्षर खोडलेलं नव्हतं.

"नाही राहत कागद," मी म्हणालो.

बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, कुठेतरी गठ्ठे बांधून ठेवलेले असतील. त्या थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हरीभाऊंना विचारा. त्यांना माहीत आहे."

नानासाहेब म्हणाले, "सांग हरी. इतकी वर्षं तू यांचं जुळवतोस. वहिनी लिहायच्या की उतरवायच्या?"

भिंतीवर पत्रकं वाळत होती. 'कै. दौलतराव जगदाळे यांची अखेरची कादंबरी.' ती मी सकाळीच जुळवली होती. उज्जैन, देवास, ग्वाल्हेर इथल्या वाचनालयांना जायची होती. जयसिंगराव माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे लाल होते, रागानं नव्हे.

दौलतराव माझ्याशी काय बोलले ते मला सांगता आलं असतं. ओळ सुटण्याचं सांगता आलं असतं, नानासाहेबांना ते एका वाक्यात पटलं असतं. दोन पानं राखली आहेत, येऊन बघा, एवढंही पुरलं असतं.

मी म्हणालो, "साहेब, कॉपीत जे येतं ते मी लावतो. आतलं मला काय माहीत."

बाई उठल्या. रडल्या नाहीत. पहिल्या पानाचा कागद घडी घालून परत घेतला.

नानासाहेब म्हणाले, "वहिनी, शेवटची चाळीस पानं तेवढी पाठवा. त्यांनी लिहून ठेवली असतील ना?"

"ज्यांनी लिहिलं म्हणता त्यांच्याकडे मागा," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

पानं आली नाहीत. नानासाहेबांनी दोनदा माणूस पाठवला. शेवटी एका निवृत्त शिक्षकांकडून शेवट लिहून घेतला. त्यात ती बाई पश्चात्ताप करून सासरी परत येते. तोही मीच जुळवला. पहिल्या पानावरचं नावही मीच लावलं. राखलेल्या दोन पानांत दौलतरावांचा फोटो आला.

महिन्याभरानं द्वारकाबाई येऊन बसल्या. पिशव्या खाली ठेवल्या.

"शेवट बरोबर नाही रे. बायका म्हणतात, ही बाई परत जाणारी नव्हती."

मी खणातले खिळे नीट करत राहिलो.

"थकला असेल बिचारा," त्या म्हणाल्या. "दुखत असताना लिहिलं असेल."

भानुमतीबाईंनी त्यानंतर लिहिलं नाही. जयसिंगरावांनी त्यांना आपल्याकडे नेलं, अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला नवीन वस्ती झाली होती तिथे. वाईट वागवलं असं कुणी म्हणणार नाही. पुतण्यांचे अभ्यास घ्यायच्या, लोकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. दौलतरावांच्या पुण्यतिथीला वाचनालयात कार्यक्रम व्हायचा. पहिल्या रांगेत बसायच्या, नारळ घ्यायच्या, घरी यायच्या.

मी एकदाच गेलो. नऊ वर्षांनी, एकाहत्तरला. त्यांनी ओळखलं. चहा ठेवला. समोर गुलाबी साडी होती, फॉल अर्धा लागला होता. टाके इतके बारीक की मला वाकून बघावे लागले. आम्ही मालोजींबद्दल बोललो, ते वारले होते. नवीन मशीनबद्दल बोललो. मग मी विचारलं, "बाईसाहेब, ती बाई माहेरी जाते त्याचा खरा शेवट काय होता?"

"तुम्हाला कशाला हवाय?"

"मला बोलता आलं नाही त्या दिवशी."

त्यांनी सुई खाली ठेवली. "माझी ओळ सुटली होती का हो कधी?"

"नाही."

"अठरा पुस्तकांत?"

"एकही नाही."

"तेव्हा एवढंच सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. सुई उचलून पुढचा टाका घातला. चहा प्यालो. शेवट त्यांनी सांगितला नाही.

त्या त्र्याहत्तरच्या थंडीत गेल्या. तेराव्याची पत्रिका आमच्याकडेच छापायला आली. जयसिंगरावांच्या हातची कॉपी होती. 'सुप्रसिद्ध कादंबरीकार कै. दौलतराव जगदाळे यांच्या पत्नी भानुमतीबाई यांचे...' मी जुळवायला घेतली. 'भानुमतीबाई'पाशी हात थांबला. त्यांच्या नावाआधी मी एक शब्द लावला, 'लेखिका'. चौतीस वर्षांत कॉपीत माझं म्हणून घातलेलं तेवढंच.

प्रूफ जयसिंगरावांकडे गेलं आणि संध्याकाळी परत आलं. त्या शब्दावर तांबडी रेघ होती. शेजारी त्यांनी सभ्यपणे लिहिलं होतं, 'हे चुकून आले आहे, काढावे.'

आमच्या टाइपात तो शब्द मात्रा, वेलांटी, काना धरून सहा खिळ्यांचा. चिमट्यानं एकेक काढला आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकला. ओळीत जागा पडली होती, ती कोऱ्या पट्ट्या घालून भरली. मग दोनशे पत्रिका छापल्या.